रिकाम्या पिकअपला हिवाळ्यात कुठले टायर?

आधी तुमचा प्रश्न नीट मांडतो. अर्ध्या टनाच्या वर्गातली (हे नाव ओझे वाहण्याच्या क्षमतेवरून पडलेले, गाडीच्या वजनावरून नाही) फोर बाय फोर पिकअप आहे. रिम वीस इंची, कंपनीने दिलेले टायर २७५/५५ आर २० मापाचे (रुंदी २७५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ५५ टक्के, रिम २० इंच), ऑल सीझन, बाजूवर ‘एम प्लस एस’ कोरलेले. गाडी एरवी रिकामीच धावते, महिन्यातून एकदोनदा मागे ट्रेलर लागतो किंवा हौद्यात सामान पडते. हिवाळा कडक, म्हणजे हिम (पडणारे, भुसभुशीत), बर्फ (गोठलेला, टणक) आणि उणे वीसपर्यंत उतरणारा पारा; रस्ते बहुतेक साफ केलेले. टायरवाला म्हणतो, ‘पिकअप आहे, दहा प्लायचे एलटी टायरच घ्या.’ (एलटी म्हणजे लाइट ट्रक, जड ओझ्यासाठी बांधलेला टायर; प्लायचा अर्थ पुढे येतो.) मित्र म्हणतो, ‘फोर बाय फोर आहे, वेगळे टायर कशाला?’ यातले कोणाचे ऐकायचे?

माझ्या मते दोघांचेही नाही. हिवाळी टायर घ्या, चारही घ्या, पण या गाडीसाठी दहा प्लायचे घेऊ नका. पिकअपचा टायर निवडताना लोक गाडीकडे बघतात, तिच्या मोठेपणाकडे बघतात. बघायचे असते ते मागच्या चाकांवर हिवाळ्यातल्या बहुतेक दिवशी खरोखर किती वजन आहे याकडे आणि त्या चाकांखाली काय आहे याकडे. बाकीचे सगळे त्यानंतर येते.

मित्राच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण तो गैरसमज सगळ्यात धोक्याचा आहे. फोर बाय फोर इंजिनची ताकद चारही चाकांना वाटून देते. त्यामुळे थांबलेली गाडी निघते, चढ चढते, हिमात रुतलेली बाहेर येते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. थांबताना आणि वळताना फोर बाय फोरची मदत जवळजवळ शून्य. उलट गाडी सहज निघते म्हणून रस्ता बरा आहे असे वाटते आणि वेग वाढतो.

थांबण्याचा हिशेब कागदावर मांडून बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाला कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी १२ मीटरमध्ये उभी राहते. दबलेल्या हिमावर ०.२५ धरला तर ३९ मीटर लागतात. गुळगुळीत बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर. यात ब्रेक मारायचे सुचेपर्यंत गेलेला वेळ धरलेलाच नाही. आता टायरमुळे त्या बर्फावरचा घर्षणांक ०.१ वरून ०.१५ झाला, तर ९८ चे ६६ मीटर होतात. आकडा वाढला तो फक्त ०.०५, पण वाचलेले ३२ मीटर म्हणजे एखाद्या चौकाची पूर्ण रुंदी. आणखी एक गोष्ट या हिशेबात दिसते: सूत्रात गाडीचे वजन येतच नाही. ‘माझी गाडी जड आहे, रस्ता धरून बसते’ हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो. जड गाडीला पकड जास्त मिळते हे खरे, पण थांबवायचे वजनही तेवढेच जास्त असते. फायदा तिथल्या तिथे संपतो.

आता रबर. उन्हाळी आणि बहुतेक ऑल सीझन टायरचे रबर गारठ्यात ताठरते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली पारा राहू लागला की हिवाळी टायर लावावेत, असा या धंद्यातला ठोकताळा आहे, आणि तो हिम पडण्याशी जोडलेला नाही. रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी उणे पंधरात ताठरलेले रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत जाऊन बसत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि थंडीत मऊ राहणारी रबरे असतात, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर अतिशय बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा हिम आणि बर्फ ओरबाडतात. पिकअपच्या बाबतीत या चिरा पुढे पुन्हा येणार आहेत, लक्षात ठेवा.

टायरच्या बाजूवरच्या खुणांबद्दल. एम प्लस एस म्हणजे ‘मड अँड स्नो’. ही खूण नक्षीच्या रचनेवरून मिळते, तिच्यामागे हिमावरची कोणतीही सक्तीची चाचणी नाही. तुमच्या ऑल सीझन टायरवर ती आहे म्हणजे टायर हिवाळी झाला असे नाही. बघायची खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही खूण १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या टायर उद्योगाने आणली. ती मिळवायला टायरला दबलेल्या हिमावर ठरावीक संदर्भ टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत पूर्वी एम प्लस एसवर भागायचे. २०१८ पासून बनलेल्या टायरला तिथे डोंगर-हिमकणाची खूण लागते, आणि त्याआधीच्या एम प्लस एस टायरना दिलेली मुभाही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तुमच्याकडचा नियम तुम्ही बघालच.

पण या खुणेचीही मर्यादा ओळखा. तिची चाचणी हिमावरची आहे, बर्फावरची नाही. म्हणून खूण असलेल्या दोन टायरमध्ये बर्फावर जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. युरोपीय संघाच्या टायर लेबलवर मे २०२१ पासून बर्फावरच्या पकडीचे वेगळे चिन्ह येते, तेही फक्त प्रवासी गाड्यांच्या वर्गातल्या टायरसाठी. ते चिन्ह दिसले तर त्याला वजन द्या.

आता मुख्य मुद्दा, दहा प्लाय. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असत आणि प्लाय म्हणजे खरोखर थरांची संख्या होती. आज दहा प्लायच्या टायरमध्ये दहा थर नसतात, तो फक्त ताकदीचा दर्जा आहे. लोड रेंज सी म्हणजे सहा प्लाय, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. ई वर्गाच्या टायरचा कमाल भार ८० पीएसआय हवेला दिलेला असतो. आपल्या गाडीच्या आसपासचे माप घेऊ: एलटी २७५/६५ आर १८, लोड रेंज ई, भार निर्देशांक १२३. या एका टायरची क्षमता १५५० किलो.

तुमची पिकअप रिकामी असताना समजा २४०० किलो भरते. रिकाम्या पिकअपचे साधारण साठ टक्के वजन इंजिनमुळे पुढे असते, म्हणजे मागे राहिले ९६० किलो, एका मागच्या चाकावर ४८०. म्हणजे १५५० किलोसाठी बांधलेल्या टायरवर त्याच्या क्षमतेच्या एक तृतीयांशाहूनही कमी वजन. या टायरची बाजू जाड, सांगाडा कडक. तो ४८० किलोला दबत नाही, रस्त्यावर पसरत नाही, खड्ड्या-उंचवट्यावर उड्या मारतो. त्यात एलटी टायरचे ठोकळे जड ओझ्याखाली लवू नयेत म्हणून मोठे आणि घट्ट केलेले असतात, मिश्रणही सहसा थोडे कठीण ठेवतात. मघाशी सांगितलेल्या बारीक चिरा काम करतात त्या ठोकळा थोडा वाकला आणि चिरेच्या कडा उघडल्या तरच. कडक ठोकळ्यावर हलके वजन पडले की त्या कडा उघडतच नाहीत. टायर हिवाळी आहे, डोंगराची खूण आहे, आणि तरी गाडीचे मागचे अंग प्रत्येक वळणावर बाहेर जाते. अशी तक्रार घेऊन माणूस आला की मी आधी बाजूवरचे लोड रेंज वाचतो, आणि बहुतेक वेळा तिथे ई असतो.

प्रवासी वर्गाचा, म्हणजे मापाच्या आधी पी असलेला किंवा कोणतेच अक्षर नसलेला हिवाळी टायर या गाडीवर बर्फावर जास्त चांगला चालतो. तुमच्या गाडीला कंपनीने दिलेले मापही त्याच वर्गातले आहे. मात्र भाराचा हिशेब केल्याशिवाय घेऊ नका. २७५/५५ आर २० मापात साधा टायर ११३ निर्देशांकाचा, म्हणजे ११५० किलोचा असतो. जादा भाराचा, ज्यावर एक्सएल लिहिलेले असते, तो ११७ चा, म्हणजे १२८५ किलोचा. अमेरिकेच्या नियमानुसार प्रवासी वर्गाचा टायर ट्रकवर लावला की त्याची क्षमता १.१ ने भागून धरतात, कारण ट्रकवर भार कधी, कसा पडेल याचा भरवसा नसतो. तुमचा देश कुठलाही असो, हा भागाकार कराच. १२८५ भागिले १.१ म्हणजे ११६८, दोन चाकांचे मिळून २३३६ किलो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर मागच्या ॲक्सलचा कमाल भार छापलेला असतो. तुमचा आकडा त्याच्याइतका किंवा जास्त असला पाहिजे. असला तर ट्रेलरच्या दिवशीही तुम्ही सुरक्षित आहात. महिन्यातल्या त्या दोन दिवसांसाठी उरलेले अठ्ठावीस दिवस कडक टायरवर घालवायचे कारण नाही.

एलटी टायर चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. गाडी पाऊण टनाच्या किंवा एक टनाच्या वर्गातली असेल, हौद्यात कायम अवजारांची पेटी आणि माल असेल, पुढे हिम लोटायचे पाते लावलेले असेल, किंवा दारावरच्या पट्टीवरच एलटी माप छापलेले असेल, तर एलटीच घ्यायचे. तिथे मऊपणाच्या मोहापायी प्रवासी वर्गाचा टायर लावणे म्हणजे टायर तापून फुटण्याला आमंत्रण. पाते लावणाऱ्यांनी पुढच्या ॲक्सलचा हिशेब वेगळा करावा, कारण पाते उचलले की त्याचे सगळे वजन पुढच्या दोन चाकांवर येते. आणि एक चूक फार दिसते: प्रवासी टायर काढून एलटी लावतात आणि हवा जुन्याच ३५ वर ठेवतात. त्याच हवेला एलटी टायर प्रवासी टायरपेक्षा कमी भार पेलतो. कागदावर मजबूत असलेला टायर ३५ हवेला कमजोर ठरतो. एलटीला किती भाराला किती हवा याचा तक्ता कंपनी देते, तो बघूनच हवा ठरवावी लागते.

इथे ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरचा विषय काढायलाच हवा, कारण पिकअपवाल्यांचे पहिले प्रेम तेच असते. बीएफगुडरिचचा केओ२ किंवा गुडइयरचा ड्युराट्रॅक यांच्यासारख्या काही ऑल टेरेन टायरना डोंगर-हिमकणाची खूण आहे, आणि ती त्यांनी कमावलेली आहे. भुसभुशीत खोल हिमात, न साफ केलेल्या शेतरस्त्यावर ते छान चालतात. त्यांच्या मोठ्या खाचा हिम धरतात आणि फेकतात. पण गाड्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या चौकातल्या बर्फावर त्यांच्यात आणि खऱ्या हिवाळी टायरमध्ये जो फरक आहे तो खुणेने भरून निघत नाही. तुमचा हिवाळा जर कच्च्या रस्त्यावर जास्त आणि शहरात कमी जात असेल तर मी आग्रह धरणार नाही. ऑफिस, शाळा, बाजार, महामार्ग असा जात असेल तर धरीन.

खिळ्यांचे टायर घ्यावेत का, हे बर्फाच्या तापमानावर अवलंबून आहे. बर्फ सगळ्यात निसरडा शून्याच्या आसपास असतो, त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो म्हणून. उणे वीसला तोच बर्फ बराच पकड देतो. शून्याच्या आसपास, ओल्या बर्फावर, खिळे अजोड आहेत. फार कडक थंडीत बर्फ इतका टणक होतो की खिळा त्यात नीट रुतत नाही, आणि उघड्या कोरड्या डांबरावर खिळे आवाज करतात, रस्ता खातात आणि थांबण्याचे अंतर वाढवू शकतात. जपानमध्ये खिळ्यांनी उखडलेल्या डांबराची धूळ इतकी झाली की १९९० मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोनने ब्लिझॅक आणला होता, ज्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती बर्फावरचा पाण्याचा थर शोषतात. बिनखिळ्यांच्या बर्फटायरच्या आजच्या पिढीवर या वाटेचा मोठा ठसा आहे. जर्मनीत सर्वसाधारण वापरासाठी खिळे बंद आहेत, स्वीडन-फिनलंडमध्ये हंगामापुरते चालतात. तुमच्या वर्णनात उणे वीस आणि साफ केलेले रस्ते आहेत, म्हणून मी बिनखिळ्यांचा बर्फटायर सुचवतो. तुमच्या भागात हिवाळाभर दिवसा वितळून रात्री गोठत असेल, आणि कायदा परवानगी देत असेल, तर निर्णय उलटा करा. खिळे मारायचे तर नव्या कोऱ्या टायरलाच. थोडा जरी वापर झाला तरी खिळ्यांसाठीच्या छिद्रांत खडे गेलेले असतात आणि खिळा टिकत नाही.

आता माप. वीस इंची रिम दिसायला झोकदार असते, हिवाळ्यात मात्र ती अडचण आहे. टायरची भिंत बुटकी, म्हणून हिमाखाली लपलेल्या खड्ड्यात रिमला थेट धक्का बसतो. हिवाळ्यासाठी अठरा इंची साध्या रिमांचा वेगळा संच करा. तुमचा २७५/५५ आर २० टायर ८१०.५ मिलिमीटर उंच आहे, २७५/६५ आर १८ भरतो ८१४.७. अर्ध्या टक्क्याचा फरक, स्पीडोमीटरला कळणारही नाही. शिवाय २७५/६५ आर १८ मध्ये ११६ निर्देशांकाचे टायर मिळतात. १२५० भागिले १.१ म्हणजे ११३६, दोन चाकांना २२७२ किलो. दारावरच्या आकड्याशी ताडून बघा. अजून अरुंद जायचे असेल तर २६५/७० आर १७ हे ८०२.८ मिलिमीटरचे, म्हणजे मूळ मापाच्या एक टक्का आत. पण सतरा इंची रिम तुमच्या ब्रेक कॅलिपरवरून फिरते का, हे प्रत्यक्ष लावून हाताने फिरवून बघितल्याशिवाय टायर चढवू नका. मोठे ब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांना ती बसत नाही.

अरुंद टायर का? हिमात रुंद टायर वर तरंगायला बघतो आणि पुढे हिमाचा ढिगारा लोटतो. अरुंद टायर हिम कापत खाली टणक थरापर्यंत जातो. बर्फावर मात्र रुंदीने फारसा फरक पडत नाही, तिथे रबर आणि चिरा बोलतात. म्हणून रुंदी १० मिलिमीटरने कमी करण्यासाठी चांगल्या मिश्रणाचा टायर सोडून साधा घेऊ नका. रुंदी वाढवायची मात्र अजिबात नाही.

चारही चाकांना एकच टायर, एकच माप, एकाच सुमाराची झीज. ‘मागच्या चाकांना ताकद जाते, दोनच घेतो’ असे करणाऱ्याची गाडी निघते चांगली, पण ब्रेक मारल्यावर पुढची चाके वळायला नकार देतात आणि गाडी सरळ जाते. पुढे दोन लावले तर मागचे अंग पुढे यायला बघते, आणि रिकाम्या पिकअपचे मागचे अंग आधीच हलके. पार्ट टाइम फोर बाय फोर (जिला पुढची चाके गरजेपुरतीच जोडतात) टू व्हीलवर चालत असताना घसरड्या उतारावर नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि तेवढ्याने ती घसरू शकतात. शिवाय फोर व्हीलवर चालवताना पुढच्या-मागच्या टायरच्या उंचीत फरक असला की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

हवेवर थोडे जास्त लिहितो, कारण पिकअपला याचा फटका कारपेक्षा मोठा बसतो. साडेपाच अंश पारा उतरला की एक पीएसआय हवा उतरते, हा ठोकताळा ३०-३५ हवेच्या टायरसाठी आहे. उतार टक्केवारीने होतो, म्हणून जास्त हवेच्या टायरमध्ये तो जास्त असतो. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३५ भरलेला टायर बाहेर उणे वीसला साधारण २८ दाखवेल. तिथेच ८० भरलेला एलटी टायर ६७ च्या आसपास येईल. म्हणजे उतार सात आणि तेरा. तेव्हा हवा तपासायची ती गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर, निघायच्या आधी, आणि हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी. छापलेला आकडा थंड टायरचा असतो, आणि ‘थंड’ म्हणजे त्या दिवशीची बाहेरची थंडी. दुसरे टोकही आहे: पाऊण टनाची पिकअप रिकामी, मागे ८० हवा, आणि टायर फक्त मधल्या पट्ट्यावर टेकलेला. काही कंपन्या रिकाम्या गाडीसाठी वेगळा आकडा देतात, तो गाडीच्या पुस्तकात शोधा आणि तोच वापरा. पकड वाढावी म्हणून मनाने हवा कमी करून महामार्गावर मात्र जाऊ नका.

वाळूची पोती हा जुना उपाय आहे आणि तो खरोखर चालतो, नीट ठेवली तर. शंभर ते दीडशे किलो पुरेत. जागा मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. हौद्याच्या शेवटी, फाळक्याजवळ ठेवलीत तर तरफेसारखे पुढचे अंग उचलले जाईल आणि स्टिअरिंग हलके पडेल. पोती पट्ट्यांनी बांधा. न बांधलेले तीस किलोचे पोते धडकेच्या वेळी केबिनच्या मागच्या काचेवर येते. आणि हे वजन भारक्षमतेतून वजा होते, ट्रेलरच्या दिवशी उतरवून ठेवा. हौद्यात साचलेले हिम हे त्या वजनाला पर्याय नाही, ते वितळून पाणी होते, सरकते, रात्री गोठून फाळका धरून बसते.

कंपनी कुठली, यावर मी मुद्दाम थोडकेच लिहितो. नामवंत कंपन्यांच्या पहिल्या फळीतल्या हिवाळी टायरमधला आपसातला फरक, तुम्ही वर्ग चुकवलात तर होणाऱ्या नुकसानीपुढे लहान आहे. नोकियनचा उल्लेख मात्र करतो, कारण १९३४ मध्ये या फिनिश कारखान्याने काढलेला जगातला पहिला हिवाळी टायर ट्रकसाठीच होता. मोटारींसाठीचा त्यांनी दोन वर्षांनंतर काढला. आजही पिकअपसाठी त्यांच्याकडे प्रवासी वर्गातले आणि एलटी असे दोन्ही आहेत. दोन्ही हातात घेऊन ठोकळ्यावर अंगठा दाबून बघितला की मी वर काय म्हणतो ते लगेच समजते.

विकत घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. हिवाळी टायरची नक्षी शिल्लक असली तरी रबर वर्षागणिक कडक होत जाते, म्हणून पाच-सहा वर्षे जुना ‘कमी वापरलेला’ संच स्वस्तात मिळाला तरी बर्फासाठी तो मी घेणार नाही. नक्षीच्या खोलीची कायदेशीर मर्यादा पुष्कळ देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण हिवाळी टायर ४ मिलिमीटरला आला की हिमातले काम संपले असे धरा. ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरला ४ मिलिमीटर हीच कायद्याची मर्यादा आहे. काही बर्फटायरमध्ये छिद्रांचे खास रबर फक्त वरच्या भागात असते, ते घासले की खाली साधे रबर उरते. आणि वसंतात पारा वर गेला की टायर उतरवाच, उन्हात हे मऊ रबर भराभर झिजते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेते.

लावताना दोन गोष्टी लोक विसरतात. एक, रिम बदलली की नट बदलतात. काही रिमना शंकूच्या बुडाचे नट लागतात, काहींना गोल बुडाचे. जुनेच नट वापरले तर ते घट्ट वाटतात पण बसलेले नसतात. दुसरे, हब आणि रिम यांच्यामध्ये जमलेला गंज तारेच्या ब्रशने साफ करा, टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला आवळा आणि ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या टायरवर पहिले काहीशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा. मग एखाद्या मोकळ्या, बर्फाळ पटांगणात ताशी तीसच्या वेगाने ब्रेक मारून बघा, एकदा रिकाम्या गाडीने आणि एकदा पोत्यांसह. आपली गाडी किती अंतरात थांबते हे तिथे कळलेले बरे.

राहिली स्टेपनी. तुमची स्टेपनी जुन्याच मापाची आणि ऑल सीझन असणार, हौद्याखाली साखळीवर टांगलेली. हिवाळ्याच्या आधी ती एकदा खाली उतरवा. रस्त्यावरच्या मिठाने ती साखळी आणि कप्पी गंजून जाम होते, आणि नेमक्या वेळी टायर खाली येत नाही. कप्पीला वंगण द्या, हवा भरा, परत चढवा. पंक्चर झालेच तर स्टेपनी लागली असताना गाडी टू व्हीलवर ठेवा. मागच्या ॲक्सलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन चाकांच्या फिरण्यातला फरक मर्यादित ठेवणारी यंत्रणा, जिला दोन उंचीचे टायर सोसत नाहीत) असेल आणि पंक्चर मागचे असेल, तर पुढचे एक चाक मागे लावून स्टेपनी पुढे घ्या, थंडीत थोडे जास्त काम पडेल तरीही.